लाल होण्याच्या तारखा

९ जानेवारी
पंपघर, दुपारची पाळी

ताई,

नमस्कार. वाकून करायचा होता, पण हल्ली वाकलं की पोट मधे येतं. उभ्यानंच घे.

अक्रोडांचा डबा मिळाला. दोन किलो! अगं, मी एकटा माणूस आहे, खार नव्हे. तरी तुझी आज्ञा म्हणून रोज मूठभर खातो. फोनवर मी नुसतं 'काय? काय?' करतो म्हणून रागावू नकोस. पस्तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या या पंपांशेजारी उभा आहे. कुठल्या पंपाचं बेअरिंग कुरकुरतंय ते मला दोन खोल्यांपलीकडून कळतं, माणूस समोर बोलला तर मात्र काही नाही. त्यापेक्षा पत्र बरं. तू पत्रात ओरडलीस तरी शांतपणे वाचता येतं.

एक गंमत सांगतो. तीन-चार महिने झाले, मी मधेच लाल होतो. राग नाही, ऊन नाही, बसल्या जागी चेहरा, मान, छाती तापते आणि दोन मिनिटांत पुन्हा माणसात. पाळीवरचे लोक म्हणतात, "टोमॅटो आला." फोरमनला वाटतं, मी पितो. परवा त्यानं माझ्या थर्मासचं झाकण उघडून वास घेतला. चहाच होता, तोही बेचव.

गेल्या गुरुवारी लायब्ररीत तेच झालं. तिथे नव्या ग्रंथपालबाई आल्यात. चष्मा लावतात, शिक्का अगदी चौकटीत मारतात, एक रेघ इकडेतिकडे नाही. तर शिक्का मारता मारता त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. मग स्वतःचा पाण्याचा ग्लास पुढे केला. फार सभ्य बाई. हात पण नीटनेटके आहेत.

आपल्या बाबांना असं लाल व्हायचं का गं? आठवत असेल तर कळव.

तुझा,
ठोंब्या
(साठीला आलो तरी हेच नाव लिहितो, नाहीतर तू पाकीट उघडणार नाहीस.)


२० जानेवारी

ठोंब्या,

आशीर्वाद. बाबा आयुष्यात एकदाच लाल झाले, तू तिसरीत दुसऱ्यांदा नापास झालास तेव्हा. म्हणजे ते कारण नाही.

असं तापायचं ते मला, पन्नाशीत. पण तुला तो मान मिळायचा नाही. मग राहिलं काय? मी तुझं पत्र दोनदा वाचलं. फोरमनवर तीन वाक्यं, माझ्या अक्रोडांवर तीन, आणि ग्रंथपालबाईंचा चष्मा, शिक्का, ग्लास, हात! अरे, चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. लपवायचं होतं तर नीट लपवायचं.

लाजतोस तू. या वयात. मला तर बाई इतका आनंद झाला की दुकानात एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाह्या डाव्या शिवल्या. तुझी बायको जाऊन नऊ वर्षं झाली. सोन्यासारखी होती, आणि ती असती तर तिनंच तुला ढकललं असतं, की जा, दिवसभर पंपाशी काय बोलत बसतोस.

त्या कॉलर विरलेल्या निळ्या शर्टात जात असशील लायब्ररीत. मला माहीत आहे. नवीन शर्ट-पँट शिवून पाठवते. मापं कळव. जुनी नकोत, आज घेतलेली हवीत.

तुझे भाऊजी म्हणतात, डॉक्टरला दाखव. ते सगळ्यालाच हे म्हणतात. फ्रीज बिघडला तेव्हाही म्हणाले होते.

ताई


२ फेब्रुवारी

ताई,

काहीतरीच काय! प्रेमबिम काही नाही. तू डोक्यात घेऊ नकोस, एकदा तुझ्या डोक्यात शिरलं की ते निघायला ऑपरेशन लागतं.

मापं अशी: छाती अडतीस, आधी चाळीस होती. कंबर एक्केचाळीस, आधी छत्तीस. पँटचे पाय खाली जरा सैल ठेव, संध्याकाळी पाय बुटात मावत नाहीत. उभ्याचं काम आहे, चालायचंच. पोटही हल्ली ठिकाणावर नसतं, दिवसातून सहा-सात वेळा पळावं लागतं. तुझ्या अक्रोडांनी असेल.

लायब्ररीचं तुला वाटतं तसं नाही. ती पहिल्या मजल्यावर आहे, बावीस पायऱ्या. पूर्वी दोन-दोन चढायचो, आता अकराव्या पायरीवर थांबतो. तिथे भिंतीवर आग विझवायचं नळकांडं आहे, त्याच्यावरच्या सूचना वाचल्याचं सोंग करतो. मला त्या पाठ झाल्यात.

पहिल्या दिवशी मी आपलं हळू आवाजात विचारलं, भूगोलाचं कपाट कुठे. म्हणजे मला तो हळू वाटला. कोपऱ्यात डुलकी काढणाऱ्या आजोबांचा चष्मा खाली पडला. तेव्हापासून बाई माझ्यापुढे चिठ्ठी सरकवतात. त्या लिहितात, मी लिहितो. गेल्या गुरुवारी त्यांनी लिहिलं, 'आज वारा फार आहे.' मी लिहिलं, 'हो.' घरी येऊन अर्धा तास विचार केला, की आणखी काय लिहिता आलं असतं.

म्हणून आता शनिवारीही जातो. पुस्तकं बदलायला. एवढंच.

ठोंब्या


१२ फेब्रुवारी

ठोंब्या,

कंबर पाच इंच! अरे, सुखी माणसाचं लक्षण आहे ते. आणि गुरुवार पुरत नाही म्हणून शनिवार. हे 'एवढंच' मी ओळखते. भाऊजीही पूर्वी आमच्या गल्लीत 'सायकलची हवा बघायला' थांबायचे. सायकलला चाकं दोन आणि हवा तासभर बघायचे.

शर्ट-पँट पोस्टात टाकली आहे. पाय सैल ठेवलेत.

आता शांत बसून वाच. 'हो' लिहिणाऱ्या माणसाचं घोडं गंगेत कधी न्हाणार? तू बोलशील तोवर मी जाईन वर. म्हणून मी ग्रंथपालबाईंना लायब्ररीच्या पत्त्यावर पत्र टाकलंय. फार काही नाही. लिहिलं, की माझा भाऊ तुमच्यासमोर लाल होतो त्याचा गैर अर्थ घेऊ नका, योग्य अर्थ घ्या. तो लाजाळू आहे, निर्व्यसनी आहे, स्वयंपाक येतो, घोरतो. घोरतो ते लिहिलं, कारण नंतर फसवलं म्हणायला नको.

ताई


१६ फेब्रुवारी

ताई,

हे काय केलंस तू!

शनिवारी पायऱ्या चढून गेलो, छाती भात्यासारखी चालली होती, आणि बाईंच्या टेबलावर तुझं पाकीट. तुझं अक्षर मी मैलावरून ओळखतो. बाई माझ्याकडे बघून हसल्या. मी तिथल्या तिथे लाल झालो. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, 'समजलं.'

काय समजलं? काय? मी पुस्तक न घेताच खाली आलो.

शर्ट चांगला बसला. पँट पोटावर लागत नाही.

ठोंब्या


६ मार्च
वाचनालय, पहिला मजला

सन्माननीय बाई,

आपलं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण जे लिहायचं आहे ते लिहायला जड गेलं.

मी पंचावन्न वर्षांची आहे. आधी आई-वडिलांचं आजारपण, मग कपाटं आणि याद्या, यात लग्नाचं राहून गेलं. माझ्यासमोर आजवर कुणी लाल झालं नव्हतं. पुस्तक हरवून आलेले वाचकसुद्धा नाहीत. जानेवारीत आपले बंधू झाले. माझ्या हातात तारखेचा शिक्का होता. त्यांच्या कार्डाच्या पाठीमागे मी ती तारीख मारली. का मारली, विचारू नका. पुढच्या गुरुवारी पुन्हा झाले, पुन्हा मारली. मग ती सवयच लागली. काही दिवशी दोन शिक्के आहेत. आपलं पत्र आलं त्या दिवशी मी तो शिक्का जरा जोरातच मारला.

फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी मी कपाटामागे याद्या तपासत होते. आपले बंधू आले. टेबलाशी मी नाही, खोलीत कुणी नाही. ते नकाशांच्या पुस्तकापुढे उभे राहिले आणि लाल झाले. कानापासून छातीपर्यंत, तेवढेच, तसेच.

खोटं कशाला लिहू, मला फार वाईट वाटलं. नकाशावर कुणाचं प्रेम नसतं. माझ्यासाठी नाही तर मग कशासाठी, या रागानं मी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. श्वासाला शिट्टीसारखा आवाज होता. त्यांना तो ऐकू येत नसणार. एका हातानं कपाट धरलं होतं. बुटांच्या नाड्या सोडलेल्या, घोटे सुजलेले. अर्ध्या तासात दोनदा बाहेर जाऊन आले.

ते गेल्यावर मी वैद्यकाचा एक जाडा ग्रंथ काढला. अकरा वर्षांत तो कुणी नेला नव्हता. संध्याकाळपर्यंत वाचत होते. आतड्यात एक दुर्मीळ गाठ असते, ती वर्षानुवर्षं गुपचूप वाढते आणि रक्तात कसलंसं रसायन सोडते. त्यानं माणूस लाल होतो, पोट बिघडतं, धाप लागते. आणि पुढे ते हृदयावर जातं, मग पाय सुजतात. आमच्याकडे सकाळी पेपर वाचायला एक निवृत्त डॉक्टर येतात. त्यांना ते कार्ड दाखवलं. सोळा तारखा. ते हसले नाहीत. म्हणाले, "या माणसाला उद्याच्या उद्या मोठ्या रुग्णालयात पाठवा."

मी आपल्या बंधूंना तसं लिहून दिलं. त्यांनी खाली लिहिलं, 'अक्रोडांनी असेल.'

बाई, आपल्या भावाचं माझ्यावर प्रेम नाही. त्यांना डॉक्टर हवा आहे. ते माझं ऐकणार नाहीत, मी परकी. आपलं ऐकतील. कार्ड मी जपून ठेवलं आहे, रुग्णालयात लागेल.

आपली,
ग्रंथपाल


११ मार्च

ठोंब्या,

हे पत्र हातात पडेल त्या क्षणी ऊठ आणि रुग्णालयात जा. पंप राहू देत. शहर एक दिवस विनाआंघोळीचं राहिलं तर मरत नाही.

चाळीस वर्षं कपडे शिवते आहे मी. मापावरून मला बाईला कितवा महिना आहे ते कळतं. तू लिहितोस छाती उतरली, पोट वाढलं, पाय मावत नाहीत, आणि मी काय वाचलं? सुखी झाला! रात्री मशीनपाशी बसून रडले. पँटचे पाय मी स्वतःच्या हातानं सैल केले रे.

बाईंना बरोबर ने. एकटा गेलास तर 'ठीक आहे' सांगून परत येशील.

आणि अक्रोडांना दोष देऊ नकोस.

ताई

ता.क. भाऊजी काहीही बोललेले नाहीत. नुसते बघतायत माझ्याकडे. त्यापेक्षा बोलले असते तर बरं होतं.


५ एप्रिल

ताई,

गेलो. बाई आल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, लाल कधीपासून होता? मी म्हटलं, होतो अधूनमधून. बाईंनी पर्समधून कार्ड काढून पुढे ठेवलं. डॉक्टरांनी ते उलटसुलट बघितलं आणि थेट फाइलला लावलं. म्हणाले, असा पेशंट प्रथमच बघतोय, ज्याच्या रोगावर शिक्के आहेत.

मग चोवीस तासांची लघवी साठवायची तपासणी. भलामोठा कॅन दिला. तीन दिवस केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड बंद, नाहीतर आकडा चुकतो. केळी सोडली, टोमॅटो सोडले. अक्रोड चालू ठेवले. अगं, ते माझ्या डोक्यात खाण्यात नव्हतेच, ते तुझ्या आज्ञेत होते. आकडा आला आभाळाला भिडलेला. डॉक्टर दचकले. बाईंनी मला चिठ्ठी लिहिली: 'अक्रोड?' मी मान खाली घातली. पुन्हा कॅन, पुन्हा चोवीस तास. कॅन पंपघरातच ठेवला होता, पाळी कशी चुकवणार? फोरमनला संशय आला. त्यानं झाकण उघडून वास घेतला. आता तो कुणाचंच काही उघडत नाही.

दुसरा आकडा कमी आला, पण वाईटच. बाई बरोबर होत्या. गाठ आतड्यात आहे आणि तिची पिल्लं यकृतात. ती पिल्लं जे रसायन सोडतात ते आधी हृदयाच्या उजव्या बाजूला येतं, आणि तिथले दोन व्हॉल्व्ह जाड होऊन आखडतात. डावी बाजू वाचते, कारण मधे फुफ्फुसं गाळणीचं काम करतात. डॉक्टर चित्र काढून समजावायला लागले, मी त्यांच्या हातातून पेन घेतलं. पस्तीस वर्षं हेच बघतोय! क्षार धरलेला व्हॉल्व्ह. पुरता उघडत नाही, पुरता मिटत नाही. पाणी मागे फिरतं आणि खालच्या टाकीत साचतं. माझी खालची टाकी म्हणजे पाय आणि पोट. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला समजावणं सोपं आहे.

गाठी हळू वाढणाऱ्या आहेत, त्यांच्यासाठी महिन्याला एक इंजेक्शन. कुठे, ते विचारू नकोस, दोन दिवस बसता येत नाही. पण हृदय तोवर थांबणार नाही म्हणतात. छाती उघडून दोन्ही व्हॉल्व्ह बदलायचे. मी सांगितलं, उन्हाळा होऊ दे. उन्हाळ्यात शहराला पाणी पुरत नाही, मी पंप सोडून कसा जाऊ? पुढच्या वर्षी निवृत्त झालो की निवांत करू.

खरं सांगू? भीती वाटते. मोटर बंद करून पंप उघडतात ते मी हजारदा केलंय. सगळेच परत चालू झाले नाहीत.

आणि दुसरं. इंजेक्शननं लाल होणं थांबलं. गुरुवारी गेलो तर भिंतीसारखा पांढरा. बाईंनी बघितलं आणि शिक्का बाजूला ठेवला. मग लिहिलं, 'तेव्हा गैरसमज माझा झाला. आपण मनावर घेऊ नये.' ताई, ज्या बाईनं माझ्यासाठी एवढा ग्रंथ वाचला, कॅन धरून रिक्षात बसली, ती मला आवडते गं. खरंच आवडते. रोगानं इतके दिवस माझ्या वतीनं थाप मारली, आणि आता खरं सांगायचं तर चेहरा साथ देत नाही. मी त्या चिठ्ठीखाली काय लिहिलं माहितेय? 'ठीक आहे.'

तू नाव उगाच ठेवलं नाहीस.

ठोंब्या


१० एप्रिल

ठोंब्या,

तुझ्या पंपघरात एखाद्याचा व्हॉल्व्ह गेला असता आणि तुझ्या हाताखालचा माणूस म्हणाला असता, 'पुढच्या वर्षी निवांत बघू', तर त्याला तू काय केलं असतंस? त्याच शिव्या आरशासमोर उभा राहून स्वतःला दे. मला लिहायला लावू नकोस, माझं वय झालंय.

मलाही भीती वाटते. तुला मी पाळण्यात ढकललंय, शाळेत ढकललंय, मांडवात ढकललंय. आता ऑपरेशनच्या खोलीतही मीच ढकलणार. मला एकच भाऊ आहे आणि तोही असला. तो मला हवा आहे.

शुक्रवारी निघते. भाऊजींना चहा करायला शिकवलाय, त्यांनी तो वहीत लिहून घेतलाय. ऑपरेशनच्या कागदावर सही करून ठेव.

बाईंचं नंतर. आधी जिवंत राहा. मेलेल्या माणसाशी कुठलीच बाई लग्न करत नाही.

ताई


२० जून

ठोंब्या,

सुखरूप पोचले. दोन महिने तुझ्या घरी राहिले आणि इथे सगळं घर उलटंपालटं. भाऊजींचा चहा मात्र माझ्यापेक्षा चांगला होतो. कुणाला सांगू नकोस.

तिथे तुझ्याशी ओरडून बोलावं लागत होतं आणि शेजारच्या खाटेवरचा पेशंट उत्तरं द्यायचा, म्हणून राहिलेलं आता लिहिते.

तुला आत नेलं तेव्हा सात तास मी आणि ग्रंथपालबाई बाकावर होतो. भूल देणारे डॉक्टर आधी येऊन सांगून गेले होते, की अशा गाठी ऑपरेशनच्या वेळी बिथरतात, एकदम रसायन सोडतात, म्हणून त्यांना गप्प ठेवायचं औषध सतत चालू ठेवू. मी देवाचं नाव घेत होते. बाई पुस्तक वाचत होत्या. तीन तासांनी माझ्या लक्षात आलं की पुस्तक उलटं धरलंय. मी काही बोलले नाही. त्यांनी एकही पान उलटलं नव्हतं.

चौथ्या तासाला मला राहवेना, मी म्हटलं, "तुमची मापं द्या. एक चांगला पोशाख शिवायचाय." त्यांना कळलं. म्हणाल्या, "नको. पेशंट बरे झाले की कृतज्ञ होतात. त्याला दुसरं काही नाव देऊ नये. एकदा माझं चुकलंय, पुन्हा चुकायला आता मला वेळ नाही." मी गप्प बसले. आयुष्यात दुसऱ्यांदा.

तुझ्या व्हॉल्व्हचं डॉक्टरांनी सांगितलं, जनावराच्या हृदयावरच्या पडद्यापासून केलेत. मी विचारलं, शांत स्वभावाचं होतं ना? ते म्हणाले, गाय. मग ठीक आहे.

आता ऐक. गाठी आहेत, त्या जायच्या नाहीत, पण झोपल्यात. झोपल्यात तोवर जग. बावीस पायऱ्या चढ आणि तोंडानं सांग. चिठ्ठी लिहायची नाही. चिठ्ठीत तू 'ठीक आहे' लिहितोस.

ताई


१९ जुलै

ताई,

तुझं ऐकलं. त्याचं काय झालं ते वाच.

गुरुवारी गेलो. बावीस पायऱ्या, एका दमात. अकराव्या पायरीवर थांबलोसुद्धा नाही, नळकांड्याला नुसता हात लावला. वर वाचणारे दहा-बारा लोक होते. बाईंनी चिठ्ठी सरकवली, मी ती परत सरकवली. वाकलो आणि त्यांच्या कानाशी अगदी कुजबुजलो, "मला तुम्ही आवडता. हे कृतज्ञतेचं नाही. तुम्ही हो म्हटलंत तर उरलेले दिवस आपण बरोबर काढू."

बाईंचा चेहरा बघून मला कळलं, की ती कुजबुज नव्हती. मागे वळून बघितलं. सगळे पेपर खाली. डुलकीवाले आजोबा उभे राहिले होते.

आणि ताई, मी लाल झालो. कान पेटले. मानेपर्यंत, छातीपर्यंत, अगदी पहिल्यासारखा. बाई ओरडल्या. लायब्ररीत! माझ्या कानांनाही ऐकू गेलं. "डॉक्टरांना फोन करा!" उत्तरबित्तर काही नाही, मला हाताला धरून पायऱ्या उतरवल्या, रिक्षात कोंबलं, रुग्णालयात नेलं. डॉक्टरही गंभीर झाले. म्हणाले, इंजेक्शन चालू असताना लाल होणं बरं नाही, गाठी जाग्या झाल्या असतील तर नवे व्हॉल्व्हही जातील. पुन्हा कॅन. रिपोर्टला आठ दिवस.

मला वाटलं होतं, मरणाची भीती ऑपरेशनला संपली. ती तेव्हा एका माणसाची होती. आता जास्त आहे.

बाई रोज येतात, बसतात, काही लिहीत नाहीत.

ठोंब्या


२३ जुलै

ठोंब्या,

अक्रोड खाल्लेस का? खरं सांग. मी गेल्या महिन्यात पुन्हा डबा पाठवला होता, माझीच अक्कल गेली. एक जरी खाल्ला असशील तर लिही. खाल्ला असलास तर फार बरं होईल.

ताई


२९ जुलै

ताई,

('सन्माननीय बाई' लिहायला घेतलं होतं, खोडलं.)

अक्रोड खाल्ले नव्हते. डबा माझ्या कपाटात, कुलपात आहे. वैद्यकाच्या त्याच ग्रंथामागे.

आज रिपोर्ट आला. मी आणि आपले बंधू डॉक्टरांसमोर बसलो होतो. डॉक्टरांनी आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. आकडा ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे. हृदयाची सोनोग्राफीही केली, व्हॉल्व्ह नीट उघडतात, नीट मिटतात. मी विचारलं, मग ते एवढे लाल कशानं झाले? डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ते नेमकं काय करत होते? मला सांगता येईना. आपल्या बंधूंनी सांगितलं, त्यांच्या नेहमीच्या आवाजात. बाहेर थांबलेल्या पेशंटनाही कळलं. डॉक्टर फाइल बंद करत म्हणाले, "मग ते आमच्या खात्यातलं नाही. त्यावर औषध नाही."

म्हणजे पहिले सोळा शिक्के रोगाचे होते आणि हा एकच माझा. ताई, मी रुग्णालयाच्या जिन्यात बसून खूप रडले. आपले बंधू शेजारी उभे राहून "काय झालं? काय झालं?" विचारत होते आणि येणारे-जाणारे माझं सांत्वन करत होते.

लायब्ररीत परत येऊन मी एक कोरं कार्ड घेतलं आणि त्यावर त्या गुरुवारची तारीख मारली. जरा तिरकी लागली. मग त्यांच्या प्रश्नाचं उत्तर चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवलं. त्यांनी वाचलं आणि "काय?" म्हणून ओरडले. या वेळी ऐकू न आल्यामुळे नाही.

आपण ऑपरेशनच्या दिवशी बाकावर माझी मापं मागितली होती. देते. छाती छत्तीस, कंबर बत्तीस, खांदा साडेचौदा, बाही कोपरापर्यंत. गळा आपण ठरवा. शिवायला घाई नाही, असं लिहिणार होते. पण आहे.

आपली,
ग्रंथपाल